जिल द रे निर्दोष होता म्हणे

जोन ऑफ आर्क सगळ्यांनी ऐकलेली असते. तिच्या बरोबरीने ऑर्लेआँला लढलेला आणि पुढे फ्रान्सचा मार्शल, म्हणजे बडा सेनापती, झालेला जिल द रे मात्र आपल्याकडे कुणाला माहीत असलाच तर "इतिहासातले सगळ्यात क्रूर लोक" छापाच्या एखाद्या व्हिडिओमुळे, म्हणजे मोठा सरदार होता, मग त्याने लहान मुलं मारली, मग त्याला फाशी दिली, संपला विषय. पण फ्रान्समध्ये गेली शंभर-सव्वाशे वर्षं याच्या उलटं बोलणारेही लोक आहेत आणि हल्ली तीच बाजू जास्त हुशारीची समजली जाते. ती बाजू अशी की अहो तो निर्दोष होता, त्याची प्रॉपर्टी ढापायला ब्रिटनीचा (म्हणजे पश्चिम फ्रान्समधल्या त्या प्रांताचा) ड्यूक आणि तिथल्याच नांत शहराचा बिशप यांनी मिळून त्याला अडकवला. 1992 मध्ये तर पॅरिसला सिनेटच्या इमारतीत चक्क एक मॉक कोर्ट भरवलं, वकील, माजी मंत्री, लेखक अशी मंडळी जमली, आणि साडेपाचशे वर्षांनी त्याला निर्दोष ठरवून मोकळी झाली. कायद्याने त्या निकालाला काडीची किंमत नाही, पण गाजायचं ते गाजलंच.

माझं म्हणणं साधं आहे. त्याला अडकवण्यात स्वार्थ होता हे मला पटतं. तो निर्दोष होता हे पटत नाही. आणि एक खरं म्हटलं की दुसरं आपोआप खरं, असं जे धरून चालतात ना, तिथेच सगळा घोळ आहे.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म 1404-05 च्या सुमाराचा, लवार नदीकाठच्या शांतोसेच्या किल्ल्यात. लाव्हाल, क्राँ, रे अशी तीन-तीन मोठी घराणी एकाच पोराच्या वाट्याला आलेली, म्हणजे जमीन किती याचा हिशोब कारकुनालाच माहीत. 1415 मध्ये आई-वडील दोघंही गेले आणि पोरगं आजोबांच्या, जाँ द क्राँच्या ताब्यात आलं. हा आजोबा म्हणजे जमिनीसाठी काहीही करणारा माणूस. नातवाचं लग्न जमवायला कातरीन द तुआर नावाची श्रीमंत वारसदार मुलगी सरळ पळवून आणली, ती नात्यातली होती, चर्चची परवानगी नव्हती, ते सगळं नंतर निस्तरलं. म्हणजे आपल्याला हवं ते उचलायचं, नियमाचं नंतर बघू, हे जिलला बाळकडूच मिळालं होतं.

लढाईत मात्र तो खरंच चांगला होता, यात वाद नाही. 1429 च्या वसंतात इंग्रजांनी ऑर्लेआँला घातलेला वेढा उठवायला जोनबरोबर जी फौज गेली त्यात तो होता, मग जार्जो, मग पातेची लढाई, आणि 17 जुलै 1429 ला रॅन्सच्या कॅथेड्रलमध्ये सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा अभिषेकाच्या पवित्र तेलाची कुपी मठातून घेऊन येणाऱ्या चार सरदारांपैकी हा एक. त्याच वेळी त्याला मार्शल केलं. वय किती, तर जेमतेम पंचवीस. नंतर राजाने त्याला स्वतःच्या चिन्हात राजघराण्याची लिलीची फुलं लावायची परवानगीही दिली, त्या काळात हा मान फारच थोड्यांना मिळायचा.

मग 1431 मध्ये जोनला जाळलं, 1432 मध्ये आजोबा गेला. जाताना त्याने आपली तलवार आणि चिलखत मोठ्या नातवाला न देता धाकट्याला, रनेला दिलं. यावरून घरच्यांना काय कळलं होतं आणि काय नाही, याच्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत, मी त्यात पडत नाही.

आजोबा गेल्यावर मात्र कुणाचा धाकच उरला नाही. जिलने पैसा असा उडवला की वाचताना आपल्यालाच घाम फुटतो. स्वतःची घोडेस्वारांची पलटण, स्वतःचं चर्च आणि त्यातले पाद्री, स्वतःचे गाणारे मुलगे, त्यांना राजाच्या दरबारात शोभतील असे कपडे, आणि प्रवासाला निघाला की माणसांनी खांद्यावरून वाहून न्यायचे ऑर्गनसुद्धा सोबत. माशकूल या आपल्या गावी जे खासगी चर्च त्याने उभं केलं ते कुणाच्या नावाने, तर बायबलमधल्या हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांच्या नावाने. (हा योगायोग की आणखी काही, ज्याने त्याने ठरवावं.) ऑर्लेआँला मुक्काम ठोकून तिथे तर त्याने पाण्यासारखा पैसा ओतला. पैसा संपत आला की किल्ला विकायचा, गाव गहाण टाकायचं. शेवटी घरचे रडत राजाकडे गेले आणि जुलै 1435 मध्ये राजाने हुकूम काढला की याच्याकडून कुणीही जमीन विकत घेऊ नये. हा हुकूम ब्रिटनीच्या ड्यूकने, पाचव्या जाँने, आपल्या मुलखात लागूच होऊ दिला नाही, कारण सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तोच होता. दुसरं गिऱ्हाईक ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारी, जाँ द मालेत्रुआ, आणि हाच नांतचा बिशप. पुढे खटला चालवायला बसला तो हाच.

तर निर्दोषवाल्यांचा मुद्दा हवेतला नाही हे लक्षात घ्या. ज्यांनी त्याच्या जमिनी स्वस्तात घेतल्या तेच न्यायाधीश, जमिनी परत सोडवून घ्यायचा करारातला हक्क तो मेला की संपणार, म्हणजे तो गेल्यात त्यांचा सरळ फायदा. आज कुठल्याही कोर्टात असा जज दहा मिनिटं टिकणार नाही.

पुढचं तर आणखी बोलकं आहे. मे 1440, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा दिवस, सांत-एतिएन द मेर-मोर्त नावाच्या गावात चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना जिल हत्यारबंद माणसं घेऊन आत घुसला आणि जाँ ल फेरों नावाच्या धर्मगुरूला फरफटत बाहेर काढून कैद केला. कारण काय, तर या धर्मगुरूचा भाऊ जॉफ्रुआ हा ड्यूकचा खजिनदार, आणि जिलने विकलेला तिथला किल्ला त्याच्याकडे गेला होता, तो जिलला परत पाहिजे होता. आता बघा, चर्चमध्ये हत्यार घेऊन घुसणं हा चर्चचा अपमान, खजिनदाराच्या भावाला धरणं हा ड्यूकचा अपमान. झालं! जुलैच्या शेवटी बिशपच्या गुप्त चौकशीचा कागद बाहेर आला, 15 सप्टेंबरला माशकूलला अटक, आणि 26 ऑक्टोबरला नांतमध्ये फाशी. अटकेपासून फासापर्यंत सहा आठवडे. आधी तो न्यायाधीशांना शिव्या घालत होता, तुम्ही पदं विकणारे लोक, तुमच्यापुढे उत्तर देण्यापेक्षा मी गळ्यात दोर घालून घेईन म्हणाला, मग धर्मबहिष्कृत केल्यावर दोन दिवसांत रडत गुडघ्यावर आला, आणि शेवटी छळ करायचा असं कोर्टाने ठरवल्यावर छळाआधीच सगळं कबूल केलं.

छळाच्या भीतीने दिलेला कबुलीजबाब मीही मानणार नाही. आँरिये आणि प्वातू या दोन नोकरांचे जबाब एकमेकांशी इतके जुळतात की कारकुनाने आधी मजकूर तयार ठेवला होता की काय असं वाटतं, तेही बाजूला ठेवा. सैतानाला बोलावणं, फ्लॉरेन्सहून आणलेला प्रेलाती नावाचा किमयागार, सोनं बनवायचे उद्योग, यातलं काय खरं, काय भीतीने बोललेलं आणि काय चर्चला हवं होतं म्हणून लिहिलेलं, हे वेगळं करणं आता अवघड आहे, आणि पाखंडाचा आरोप असल्याशिवाय इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या पाखंड शोधणाऱ्या कोर्टाला, या केसमध्ये हातच घालता आला नसता हेही खरं. आरोपपत्रात मुलांचा आकडा 140 च्या वर आहे, तोही मी डोळे झाकून घेत नाही.

एवढं सगळं सोडून दिलं तरी कागदावर काय उरतं? उरतात आई-बापांचे जबाब. आणि गंमत म्हणजे निर्दोषवाले लोक सगळ्यात कमी बोलतात ते यांच्याबद्दल.

हे लोक कोण होते तर चामड्याचं काम करणारे, चांभार, शेतमजूर, विधवा बायका. ते येऊन काय सांगतात? "जिलने माझं पोर मारलं" असं बहुतेक कुणी म्हणतच नाही. ते सांगतात की अमुक सालच्या अमुक सणाच्या सुमाराला माझा मुलगा, वय एवढं, किल्ल्यावर भीक वाटतात म्हणून गेला होता, त्यानंतर दिसला नाही. कुणी सांगतं, मुलाला शेवटचं सफरचंद वेचताना बघितलं होतं. बस. पुढचं त्यांना माहीत नाही म्हणून ते सांगत नाहीत. मला सांगा, ड्यूक आणि बिशपने साक्षीदार पढवून आणले असते तर इतके अर्धवट जबाब कशाला घेतले असते? पढवलेला साक्षीदार खून बघितलेला असतो, रक्त बघितलेलं असतो, सरदाराचा चेहरा ओळखलेला असतो. या लोकांनी फक्त आपलं पोर नसलेलं बघितलंय.

दोन जबाब जरा जवळून बघू. माशकूलचा गियोम इलेरे, फरच्या कातड्यांचे कपडे करणारा. त्याच्याकडे जाँ जदों नावाच्या माणसाचा बारा वर्षांचा मुलगा काम शिकायला होता. 1432 च्या सुमाराला जिलचे दोन नातेवाईक, जिल द सिये आणि रोजे द ब्रिकविल, त्याच्याकडे आले आणि म्हणाले, किल्ल्यावर एक निरोप पोचवायचाय, तुझा पोरगा दे जरा. दिला. सरदाराच्या माणसाला नाही कोण म्हणणार? संध्याकाळ झाली, पोरगा आला नाही. विचारल्यावर सिये म्हणतो, मला काय माहीत, गेला असेल कुठे, चोरांनी नेला असेल.

दुसरी पेरॉन लोएसार, ला रोश-बर्नारची. जिलचा लवाजमा गावात मुक्कामाला होता, तेव्हा प्वातूने तिच्या दहा वर्षांच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला मागितलं. मी याला शिकवीन, याचं कल्याण होईल, तुझंही होईल. तिने शाळा सोडवणार नाही अशी अट घातली, तोही हो म्हणाला. नव्या कपड्यासाठी 100 सू (तेव्हाचं फ्रेंच नाणं) ठरले, आणि हातात पडले 4 लिव्र. 100 सू म्हणजे 5 लिव्र, म्हणजे एक लिव्र कमी. तिने त्यावरून वाद घातला आणि तो वाद कोर्टातही सांगितला. नंतर लवाजमा परत त्या गावावरून गेला तेव्हा मुलगा त्यात नव्हता, विचारलं तर तो तिफोजच्या किल्ल्यावर आहे, नाहीतर पूझोजच्या, अशी उत्तरं मिळाली.

हा एका लिव्रचा वाद माझ्या डोक्यातून जात नाही. खोटी साक्ष देणारी बाई हे कशाला सांगेल? यात तिचीच लाज आहे, पोराला पैसे घेऊन पाठवलं आणि वर घासाघीस केली असं सगळ्या गावासमोर येतं. तरी ती सांगते कारण तसं घडलं होतं. जो माणूस म्हणतो की हे सगळं रचलेलं आहे, त्याने आधी या एका लिव्रचं उत्तर द्यावं. रचणाऱ्याला हे सुचत नाही.

निर्दोषवाल्यांचा आवडता दाखला म्हणजे जोन. ते म्हणतात, चर्चच्या कोर्टाने जोनला नाही का जाळलं, तिथेही बिशप विकलेलाच होता, आणि मग 1456 मध्ये तोच खटला रद्द झाला ना? मग जिलचा का नको? 20 व्या शतकाच्या सुरुवातीला सालोमों रेनाकसारख्या विद्वानाने जिलची बाजू घेतली, तेव्हा तर ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली शिक्षा दिल्याचं प्रकरण सगळ्यांच्या डोक्यात ताजं होतं, निरपराध माणसाला कोर्टाने कसं अडकवलं हे फ्रान्सने नुकतंच बघितलं होतं, त्यामुळे तशी शंका येणं साहजिकच म्हणायचं.

पण जोनचा दाखला द्यायचाच तर नीट द्या. 1431 च्या रुआँच्या खटल्यात बिशप कोशोंने जोनच्या गावी, दोंरेमीला माणसं पाठवून चौकशी केली होती, तिथे तिच्याविरुद्ध काही सापडलं नाही तेव्हा ती चौकशी फाइलीत लावलीच नाही. म्हणजे तिथे साक्षीदार दाबले. आणि खटला रद्द कसा झाला? 1455 च्या नोव्हेंबरात तिची म्हातारी आई, इझाबेल रोमे, पॅरिसच्या नोत्र-दाममध्ये येऊन उभी राहिली आणि तिने न्याय मागितला. मग पुन्हा लोक दोंरेमीला गेले, तिच्याबरोबर खेळलेल्या, सूत कातलेल्या बायकांना विचारलं, शेतकऱ्यांना विचारलं, सैनिकांना विचारलं, शंभरच्या वर साक्षी घेतल्या. जोन सुटली ती खेड्यातल्या लोकांचं ऐकल्यामुळे.

1992 मध्ये बरोबर उलटं केलं. खेड्यातले लोक जे बोलून गेले होते ते बाजूला सारलं, आणि मोठ्या लोकांनी मोठ्या लोकांचा हेतू तपासला. ड्यूकला काय हवं होतं, बिशपला काय मिळालं, सरदाराचं काय गेलं. सगळी चर्चा तीन श्रीमंतांच्या प्रॉपर्टीची. यात इझाबेलसारखीच एक आई आहे, पेरॉन, तिला कुणी विचारलं? म्हणे न्याय!

आणि खरा चीड आणणारा प्रश्न तर निर्दोषवाले आणि "राक्षस होता" वाले दोघंही सोडून देतात. 1432 पासून पोरं गायब होतायत आणि अटक 1440 मध्ये होते. मधली आठ वर्षं काय चालू होतं? लोकांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. आंद्रे बार्ब नावाच्या माशकूलच्या चांभाराने साक्षीत सांगितलंय की तो दूर सां-जाँ-दाँजेलीला गेला होता, तिथे कुणीतरी गाव विचारलं, याने माशकूल सांगितलं, तर समोरचा चमकून म्हणाला, तिथे तर लहान मुलं खातात! म्हणजे बोभाटा एवढ्या लांबवर. इंग्रजांच्या कैदेत असलेल्या मिशेल द सियेच्या सुटकेसाठी खंडणी म्हणून 24 मुलगे द्यावे लागतायत अशीही अफवा फिरत होती, म्हणजे लोक आपापल्या परीने याचा अर्थ लावत होते. मग तक्रार का नाही केली? तेही बार्बनेच सांगितलंय, सरदाराच्या माणसांची भीती, बोललो तर मारतील, कैदेत टाकतील.

आणि तक्रार करायची तरी कुणाकडे? त्या मुलखात न्याय देणारा जहागीरदार म्हणजे स्वतः जिल. त्याच्यावर ड्यूक, आणि ड्यूक त्याच्याकडून किल्ले विकत घेत होता. बिशपही घेत होता. चालू असलेल्या सौद्यात कोण कशाला खोडा घालेल? एका चांभाराच्या पोरासाठी शांतोसेचा सौदा मोडत नसतो. तो मोडायला खजिनदाराच्या भावाची गचांडी धरावी लागते.

म्हणून मी म्हणतो की स्वार्थ होता हे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. उलट स्वार्थ होता म्हणूनच हे जबाब लिहून तरी घेतले गेले. बिशपला जिल नको झाला त्या दिवशी अचानक या बायका-माणसांचं म्हणणं ऐकण्यासारखं झालं, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते बाजारगप्पा होतं. ड्यूक आणि बिशपवर ठेवायचा आरोप हा आहे. त्यांनी निरपराध माणसाला अडकवलं हा नाही, गुन्हेगाराला सोयीचं होईपर्यंत मोकळं सोडलं हा. हा आरोप जास्त वाईट आहे असं मला वाटतं, पण यात कुणी हिरो सापडत नाही, म्हणून त्याच्यावर मॉक कोर्टही भरत नाही.

पुढे लोककथेनेही तेच केलं. त्या भागात जिलचं नाव ब्लूबिअर्डच्या, म्हणजे निळ्या दाढीवाल्याच्या गोष्टीला चिकटलं, तिफोजचा पडका किल्ला आजही टुरिस्टना निळ्या दाढीवाल्याचा किल्ला म्हणून दाखवतात. आता 1697 मध्ये छापली गेलेली ती गोष्ट काय आहे, तर बायकांना मारणाऱ्या नवऱ्याची. जिलची बायको एकच, ती वेगळी राहत होती आणि त्याच्या मागे जिवंत राहिली. म्हणजे गोष्टीत खुनी राहिला, किल्ला राहिला, बंद खोली आली, फक्त पोरं तेवढी गळाली.

शिक्षेतही दर्जा सांभाळलाच. जिल, आँरिये आणि प्वातू तिघांनाही एकाच दिवशी नेलं, फाशी आणि खाली जाळ. जिलचं शरीर जाळात पूर्ण जळायच्या आत बाहेर काढलं आणि नांतच्या कार्मेलाइट चर्चमध्ये रीतसर पुरलं, मोठ्या घरच्या बायकांनी त्याची व्यवस्था बघितली. नोकरांची राख झाली.

आणि तो रोजे द ब्रिकविल, ज्याने इलेरेकडून निरोपाला म्हणून पोरगा मागून नेला होता? तो आणि सिये वारं फिरलेलं ओळखून आधीच पळाले. ब्रिकविल चांगल्या घरातला होता. 1446 मध्ये राजाने त्याला माफीपत्र दिलं, आपण लहान होतो, धन्याच्या हुकुमाखाली होतो, आपल्याला काही ठाऊक नव्हतं अशा अर्थाची त्याची बाजू राजाला पटली. जदोंच्या मुलाबद्दल त्याला नीट प्रश्न विचारणारं कोर्ट तेव्हाही बसलं नाही, आणि 1992 मध्ये एवढी मंडळी जमली होती तेव्हाही नाही.